लोहगडाच्या वाटेवर : धातुकथांच्या अभ्यासाची प्रस्तावना

महाभारताच्या कर्णपर्वात मयासुर तीन नगरे, म्हणजे त्रिपुर, उभारतो. सोन्याचे नगर स्वर्गात, चांदीचे अंतरिक्षात आणि लोखंडाचे पृथ्वीवर. तारकाक्ष, कमलाक्ष आणि विद्युन्माली हे तिघे भाऊ त्यांचे धनी. ही कथा ऐकताना आपले सारे लक्ष ही तिन्ही नगरे जाळणाऱ्या शंकराच्या त्या एका बाणाकडे लागलेले असते. धातूंच्या कथांचा अभ्यास करू पाहणाऱ्याने मात्र बाण सुटण्याआधी जरा थांबावे आणि विचारावे : लोखंडाचेच नगर जमिनीवर का? सोनेही मातीतूनच येते, चांदीही खाणीतूनच निघते. तरी त्यांच्या वाट्याला आकाश आले आणि लोखंडाच्या वाट्याला जमीन. ही वाटणी कोणी केली, आणि कुठे उभे राहून केली? या पुस्तकाचा विषय या प्रश्नापासून सुरू होतो.

या विषयाकडे वाचक निरनिराळ्या वाटांनी येतात. कुणी टॉल्किनच्या कादंबऱ्यांतले मिथ्रिल वाचून येतो. चांदीसारखा चकाकणारा, वजनाला हलका आणि पोलादाहून कणखर असा तो धातू. त्याच्या लोभापायी बुटक्यांनी मोरियाची खाण नको तितकी खोल नेली. कुणी चित्रपटातल्या व्हायब्रेनियमचा माग काढत येतो. कुणी आजीकडून ऐकलेली परिसाची गोष्ट मनात घेऊन येतो, तर कुणी दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या घोड्याच्या नालेबद्दल विचारायला. या सगळ्यांचे इथे मनापासून स्वागत आहे. नसलेल्या धातूची ओढ वाटणे ही या अभ्यासाची फार चांगली सुरुवात आहे. कारण कल्पनेने घडवलेला प्रत्येक धातू कुठल्या तरी खऱ्या धातूच्या, खऱ्या भट्टीच्या आणि खऱ्या कारागिराच्या आठवणीवर उभा असतो. ती आठवण शोधून काढणे हे आपले काम.

हे पुस्तक नागपूरच्या सीताबर्डीत बसून लिहिले आहे, आणि या कामाला याहून सोयीची जागा क्वचितच सापडेल. बर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची. या बेसॉल्टमध्ये लोह भरपूर असते, आणि तो झिजून होणाऱ्या मुरुमाला तांबूस रंग येतो तो त्यामुळेच. टेकडी उतरून बाजारातून कॉटन मार्केटच्या बाजूला निघाले की लोहापूल लागतो, आणि त्याच्या जवळच शनिमंदिर. शनिवारी लोखंड विकत आणू नये असे मानणारा माणूस त्याच दिवशी लोखंडी पुलाजवळच्या या देवाला तेल वाहायला येतो. इतवारीत लोहाओळ आहे, तिथे लोखंड वजनावर विकले जाते. आणि बर्डीपासून थोड्याच अंतरावर, 1863मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, विदर्भाच्या मातीतून निघालेल्या प्राचीन वस्तू जपून ठेवल्या आहेत. एकाच धातूची इतकी रूपे एका फेरफटक्यात भेटतात. अभ्यासकाचे काम त्यांचे परस्परांशी असलेले नाते जुळवण्याचे आहे.

या पुस्तकातले सगळे विवेचन एका सूत्राभोवती फिरते, ते इथेच सांगून टाकतो. लोखंडाचा अर्थ सांगणारा माणूस भट्टीपासून किती अंतरावर उभा आहे, त्यावर तो अर्थ ठरतो. जो ते दगडातून काढतो त्याला ते अपत्यासारखे वाटते. जो ते वापरतो त्याला ते राखण करणारे वाटते. आणि ज्याने भट्टी कधी पाहिलेलीच नाही, त्याला ते सोन्यापुढे हलके वाटते. त्रिपुराच्या कथेतली वाटणी या तिसऱ्या अंतरावरून झालेली आहे.

एका पाद्र्याची दोन कामे

या क्षेत्राचा इतिहास नागपुरापुरता सांगायचा तर तो स्टीफन हिस्लॉप यांच्यापासून सांगावा लागतो. स्कॉटलंडहून आलेले हे मिशनरी 1845पासून नागपुरात होते. हिस्लॉप कॉलेजला पुढे त्यांचेच नाव दिले गेले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह त्यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर आणि जीवाश्मांवर निबंध लिहिला, त्यात सीताबर्डीच्या टेकडीचेही वर्णन आहे. पण आपल्या दृष्टीने त्यांची आणखी दोन कामे मोलाची आहेत. गोंडांच्या परधान गायकांकडून त्यांनी लिंगोची दीर्घ गाथा उतरवून घेतली. आणि नागपूरच्या आसपास विखुरलेल्या दगडी वर्तुळांकडे त्यांनी अभ्यासू नजरेने पाहिले.

4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची अशीच वर्तुळे पाहून रात्री परतताना बोरीजवळ पूर आलेल्या नदीत ते घोड्यासह वाहून गेले. त्यांचे कागद रिचर्ड टेम्पल यांनी संपादित करून 1866मध्ये प्रसिद्ध केले, त्यामुळे ती गाथा वाचली.

या गाथेत महादेव गोंडांना गुहेत कोंडतो. निसटलेले चौघे भाऊ काचीकोपा लोहगडाला जाऊन राहतात. लोखंडाची दरी आणि तांबडा डोंगर असे त्या जागेचे वर्णन येते. पुढे लिंगो तिथे त्यांना भेटतो, शेती शिकवतो, मारला जातो, पुन्हा उठतो आणि शेवटी कोंडलेल्या साऱ्या गोंडांना सोडवून आणतो. एका समाजाने आपल्या जन्माची जागा सांगताना लोखंडाचे खोरे सांगावे, ही साधी गोष्ट नाही. सोन्याच्या द्वारकेची आणि सोन्याच्या लंकेची ज्यांना सवय आहे, त्यांनी या लोहगडापाशी थांबून नीट पाहावे.

कोइतूर, म्हणजे गोंड, समाज आज ही जागा गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या गुहांत पाहतो. माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते आणि अनेक राज्यांतून लोक येतात. आज सांगितल्या जाणाऱ्या कथेत काली कंकालीची 33 मुले गुहेत कोंडलेली आहेत. पारी कुपार लिंगो त्यांना सोडवायला येतो, आणि किंगरी वाजवणारा हिरासुका पाटालीर गुहेच्या तोंडावरची शिळा हटवताना प्राण देतो. हिस्लॉप यांच्या कागदातली गाथा आणि कचारगडला सांगितली जाणारी कथा यांत फरक आहेत. फरक दिसला की एक पाठ खरा आणि दुसरा बिघडलेला, असे ठरवण्याची घाई नवा अभ्यासक करतो. ती करू नये. पहिली गाथा एका परदेशी माणसाच्या वहीतून आपल्यापर्यंत पोहोचली आहे आणि दुसरी जिवंत श्रद्धेतून. नागपूरचे भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी या परंपरेवर समाजाच्या आतून लिहिले, तेव्हापासून या क्षेत्रात बोलणारा आणि टिपणारा हे दोघे वेगळेच असले पाहिजेत असे उरलेले नाही. ही फार मोठी प्रगती आहे.

वर्तुळांतले लोखंड

कथेतला लोहगड बाजूला ठेवून जमिनीत काय सापडते ते पाहू. नागपूरच्या भोवती जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड अशी शिलावर्तुळांची अनेक ठिकाणे आहेत. मोठमोठे दगड गोलाकार मांडून मधल्या जागेत मृताचे अवशेष आणि त्याच्यासोबतच्या वस्तू पुरण्याची ही प्रथा इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. जुनापाणीला रिव्हेट-कार्नॅक यांनी एकोणिसाव्या शतकातच खोदून पाहिले. पुढे टाकळघाट-खापा, माहुरझरी आणि नैकुंड येथे शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 ते 1980 या काळात पद्धतशीर उत्खनने केली.

त्यांतून आलेले लोखंड पाहण्यासारखे आहे. दांड्याला आडव्या पट्ट्यांनी घट्ट बांधलेल्या कुऱ्हाडी, तासण्या, छिन्न्या, बांगड्या, घोड्याच्या तोंडातले लगाम. काही खंजिरांचे पाते लोखंडाचे आणि मूठ तांब्याची. माहुरझरीला माणसाबरोबर घोडेही पुरलेले सापडले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकारही मिळाले. त्या समाजाने तांब्याला शोभेचे आणि लोखंडाला बळाचे काम दिले असावे, असे या मांडणीवरून वाटते. इथे कुठलाही ग्रंथ मदतीला येत नाही, कारण या लोकांनी लिहून काही ठेवले नाही. वस्तू कुठे ठेवली, कशाशेजारी ठेवली, वापरून झिजलेली ठेवली की कोरी, यांतूनच अर्थ काढावा लागतो.

नैकुंडला, पेंच नदीच्या काठी, लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. मातीच्या वक्र विटांची, गोल आणि अगदी लहान. जवळच लोखंडाची मळी. जी कुऱ्हाड मृताच्या उशाशी ठेवली जात होती ती घडवण्याची विद्या याच परिसरात होती, हे या भट्टीने दाखवले.

या भट्टीचे काम समजल्याशिवाय पुढच्या कथा समजणार नाहीत, म्हणून दोन ओळी तिच्यासाठी. तांबे 1085 अंश सेल्सिअसला वितळते. लोखंडाला 1538 अंश लागतात, आणि मातीची छोटी भट्टी, लाकडी कोळसा आणि भाता एवढ्यावर ती उष्णता मिळत नाही. म्हणून जुन्या भट्टीत लोखंड वितळून वाहत नसे. दगडातली घाण मळी होऊन वाहून जाई, आणि तळाशी सच्छिद्र, लालबुंद गोळा उरे. तो भट्टी फोडून किंवा तिच्या तोंडातून ओढून बाहेर काढायचा आणि गरम असतानाच घणाने ठोकून त्यातली उरलेली मळी झाडायची. सोनार सोने ओततो. जुन्या लोखंडाचा मात्र गोळाच जन्माला येई, तोही अशुद्ध आणि तापलेला. त्याला धरून, ठोकून, शेकून माणसांत आणावे लागे.

जे भट्टीजवळ राहिले

आता आगरियांच्या कथा वाचा. मंडला, बिलासपूरच्या मैकल डोंगरांत राहून पिढ्यान् पिढ्या लोखंड गाळणारा हा समाज. तो सारा मुलूख पूर्वी मध्य प्रांतात होता आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. व्हेरियर एल्विन यांनी 1942मध्ये आगरियांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातले जग ज्याला आपण आज फँटसी म्हणतो त्याहून तसूभरही कमी नाही. लोहरीपूर नावाचे नगर आहे, लोगुंडी राजा आहे, ज्वालामुखी नावाचा वीर आहे, सूर्याशी वैर आहे आणि राज्याचा नाश आहे. या जगाची दैवते तीन : लोहासुर, कोयलासुर आणि आग्यासुर. लोखंड, कोळसा आणि आग. भट्टीत जे घालावे लागते तेच देव्हाऱ्यात बसले आहे.

आगरियांच्या मनात भट्टी ही आईसारखी आहे. गोळा तिच्या पोटातून येतो, म्हणून ती पेटवण्याआधी आणि ती चालू असताना पाळण्याचे सोवळे आहे. नुकत्या गाळलेल्या, अजून बाजार न पाहिलेल्या लोखंडाला ते कुंवारे लोखंड मानत. भूतबाधेपासून, चेटकापासून घर आणि शेत राखण्याची शक्ती या लोखंडात अधिक, असा त्यांचा विश्वास. वर सांगितलेली गाळण्याची रीत लक्षात ठेवली तर यातले काहीच विचित्र वाटत नाही. जो रोज आगीतून एक तापलेला गोळा ओढून बाहेर काढतो, त्याला जन्माशिवाय दुसरी कोणती उपमा सुचणार?

याच विषयावरची दुसरी कथा शेजारच्या झारखंडातून येते आणि ती मुंडा लोक सांगतात. असुर रात्रंदिवस लोखंड गाळतात. त्यांच्या भट्ट्यांच्या धुराने मुंडांचा देव सिंगबोंगा त्रस्त होतो. तो पक्ष्यांकरवी निरोप धाडतो, असुर ऐकत नाहीत. शेवटी तो अंगभर खरूज झालेल्या पोराचे रूप घेऊन खाली येतो आणि युक्तीने असुर पुरुषांना त्यांच्याच भट्टीत शिरायला लावतो. त्यांच्या बायका बाहेरून भाता मारत राहतात.

दोन्ही कथांत लोखंड गाळणाऱ्यांचा पराभव आहे. पण आगरिया ती आपली कुळकथा म्हणून सांगतात, आणि मुंडा ती शेजाऱ्यांना झालेल्या शिक्षेची कथा म्हणून सांगतात. धूर तोच. एक जण धुराच्या आत उभा आहे, दुसऱ्याच्या शेतावर तो येतो आहे. जंगल तोडून कोळसा करणाऱ्या आणि जंगल राखून शेती करणाऱ्या लोकांत जो खरा तणाव असणार, त्याची खूण या कथेत उरली आहे असे मला वाटते.

भट्टीजवळची कथा खऱ्या कामातून येते, हा नियम आपल्याकडचाच आहे असेही नाही. फिनलंडच्या कालेवालात, म्हणजे एलियास ल्योनरोट यांनी लोकगीते जुळवून 1835मध्ये सिद्ध केलेल्या आणि 1849मध्ये वाढवलेल्या महाकाव्यात, लोखंडाची जन्मकथा आहे. तीन कुमारिकांचे दूध जमिनीवर सांडते. काळ्या दुधाचे मऊ लोखंड, पांढऱ्याचे पोलाद आणि तांबड्याचे ठिसूळ लोखंड होते. मग ते आपल्या थोरल्या भावाला, अग्नीला, घाबरून दलदलीत लपून बसते. दलदलीत का? कारण फिनलंडमध्ये लोखंडाची माती खरोखरच दलदलीत आणि तळ्यांत मिळे. धातूला पाणी देण्यासाठी मध हवा असतो, तर गांधीलमाशी विष आणून टाकते, आणि तेव्हापासून लोखंड माणसाच्या जिवावर उठते. लोहाराला पाणी देण्याचे महत्त्व माहीत असते. पाते पाण्यात किती वेळ धरले यावर ते चिवट होणार की कडकन मोडणार, हे ठरते. कथेने तीच चिंता विषाच्या रूपात सांगितली.

उंबऱ्यापाशी आणि पंढरीत

भट्टीपासून थोडे दूर आले की गावातली लोहारसाळ येते. इथे लोखंड जन्मत नाही, पण बदलते. झिजलेला फाळ शेवटून मिळतो, वखराच्या पासेला धार येते, विळ्याला दाते पडतात. लोहार, खाती आणि पालं ठोकून गावोगाव फिरणारे घिसाडी हे या जगाचे कारागीर. खंडेनवमीला हत्यारे-अवजारे धुऊन पुसून मांडली जातात आणि त्यांना हळदकुंकू लागते. वर्षभर हातात राबलेले लोखंड त्या दिवशी पाटावर बसते.

त्याहून दूर घराचा उंबरठा. इथे लोखंड राखणदार होते. बाळंतिणीच्या खाटेखाली विळा, तान्ह्याच्या उशाखाली चाकू, दारावर घोड्याची नाल. विदर्भात लग्नाला निघालेल्या नवरदेवाच्या हातात कट्यार असते आणि तिच्या टोकाला लिंबू टोचलेले. हे सारे प्रसंग उंबरठ्याचे आहेत. माणूस एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जात असतो आणि त्या मधल्या वेळी तो उघडा पडतो, असे मानले जाते. जिथे कापण्याची गरज पडू शकते तिथे कापणारी वस्तू ठेवायची, हे त्यामागचे तर्कशास्त्र. नाळही पूर्वी विळ्यानेच कापत.

मात्र प्रतीकाच्या मोहात पडून अभ्यासकाने डोळे मिटू नयेत. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देण्याचा प्रकार आजही घडतो. त्याला डंबा म्हणतात. लोखंड आणि आग रोग पळवून लावते हाच त्यामागचा विश्वास, आणि त्यात कोवळी मुले दगावली आहेत. विश्वासाचे मूळ समजून घेणे आणि त्या कृत्याला ठाम विरोध करणे, या दोन्ही गोष्टी अभ्यासकाने एकाच वेळी केल्या पाहिजेत.

सर्वांत दूर, भट्टीची धग जिथे पोहोचत नाही तिथे, परीस आहे. संतांच्या वाङ्मयात लोखंड हा जीव आणि परीस ही संतसंगती. परिसा भागवतांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. रुक्मिणीच्या कृपेने मिळालेला परीस त्यांची बायको नामदेवांच्या पत्नीला, राजाईला देते आणि नामदेव तो चंद्रभागेत फेकतात. भागवत तो परत मागायला आल्यावर नामदेव वाळवंटातले मूठभर खडे काढून देतात, तर ते सगळेच परीस. संतांनी या रूपकातून जातीपातीच्या उतरंडीला धक्का दिला, हे त्यांचे थोर काम. विळा असो की देवघरातले उपकरण, परीस भेद करत नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. पण या रूपकात लोखंड आधीच हलके धरलेले आहे, हेही खरे. आगरियाच्या कथेत कुणालाही लोखंडाचे सोने करायचे नसते. त्याला चांगले लोखंड हवे असते.

या दोन टोकांच्या मध्ये महाभारत आणि भागवतातल्या आणखी दोन कथा उभ्या आहेत. स्त्रीपर्वात धृतराष्ट्र लोखंडाचा भीम मिठीत चिरडतो. एका आंधळ्या बापाचा राग पेलायला तेवढेच कठीण काही लागणार होते. यादवांच्या अंताच्या कथेत सांबाच्या पोटातून लोखंडी मुसळ निघते. त्याचे चूर्ण करून समुद्रात टाकतात, किनाऱ्यावर त्याचे लव्हाळे उगवते आणि तेच यादवांच्या हातातले शस्त्र होते. उरलेला तुकडा मासा गिळतो, तो जरा नावाच्या व्याधाच्या बाणाचे टोक होतो आणि त्या बाणाने श्रीकृष्णाचा अवतार संपतो. दळले तरी लोखंड संपत नाही, ते रूप बदलून परत येते. जुनी मोडकी अवजारे तापवून पुन्हा नवी करणाऱ्या समाजाला ही कथा सुचावी, यात नवल नाही.

नकाशावरचा काळा डाग

लोखंडाच्या कथा जुन्याच असतात असे समजू नये. 1882मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ यांचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल निघाला. त्यात लोहाऱ्याच्या लोहखनिजाची आणि वरोऱ्याच्या कोळशाची चर्चा होती. नागपुरात 1877 साली एम्प्रेस मिल सुरू केलेल्या जमशेटजी टाटांनी तो वाचला आणि पोलादाचा कारखाना काढण्याचा ध्यास घेतला. चांद्याचा बेत जमला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत त्यांचे चिरंजीव दोराबजी तो बेत सोडत असल्याचे सांगायला नागपूरच्या सचिवालयात आले. अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून वेळ घालवायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथल्या भूवैज्ञानिक नकाशात दुर्गच्या बाजूला गडद रंगाने दाखवलेले लोखंड त्यांच्या नजरेस पडले. धल्ली-राजहराच्या डोंगरांचा शोध त्यातून लागला. पुढे याच खनिजावर भिलाई उभी राहिली.

उद्योगाच्या इतिहासात ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगतात. आपण ती आणखी एका बाजूने वाचू. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी 1887मध्ये रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या लोहउद्योगावर लिहिले, तेव्हा तिथे गावठी भट्ट्या पेटत होत्या. नकाशावर रंग भरला जाण्याच्या कितीतरी आधी तो डोंगर लोखंडाचा आहे हे भट्टीवाल्यांना ठाऊक होते. पुढे बाजारात स्वस्त लोखंड आले, भट्ट्यांवर कर बसला, जंगल बंद झाले आणि तेच भट्टीवाले मजूर झाले. लोहरीपूरच्या नाशाची कथा अशी पुन्हा एकदा घडली. या वेळी सूर्याच्या कोपाची गरज पडली नाही.

आज गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातला सुरजागड हा लोहखनिजाचा डोंगर आहे आणि ठाकूरदेवाचाही. जानेवारीत तिथे माडिया गोंडांची यात्रा भरते, आणि त्याच डोंगरात खाणकाम चालते. एक जण त्या दगडात टनांचा हिशेब पाहतो, दुसरा देवाचे ठाणे पाहतो. या वादाचा निकाल देणे हे या पुस्तकाचे काम नाही. पण डोंगराला देव मानणे म्हणजे डोंगरात काय आहे याचे अज्ञान, असे कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे हे ठामपणे सांगणे मात्र आपले काम आहे. या मुलखातल्या माणसांना आपल्या डोंगरातले लोखंड नीट ठाऊक होते. कदाचित म्हणूनच तिथे देव आहे.

नव्या अभ्यासकासाठी

कोणतीही धातुकथा हाती आली, मग ती महाभारतातली असो, परधानाच्या किंगरीवरची असो की कालपरवा निघालेल्या कादंबरीतली, तिला चार प्रश्न विचारावेत. कथा सांगणारा भट्टीपासून किती दूर आहे? त्यातला चमत्कार धातूच्या कोणत्या खऱ्या गुणावर उभा आहे : वितळणे, गंजणे, धार धरणे, चुंबकाकडे ओढले जाणे? धातू कुणाच्या हातात जाऊन शक्तिशाली होतो आणि कुणाच्या हातात असताना शिक्षा ओढवतो? आणि शेवटी, ज्याने तो घडवला त्याचे नाव कथेत उरले आहे का? चौथा प्रश्न विसरू नये. मिथ्रिलच्या खाणीतले बुटके, लोहरीपूरचे आगरिया, भट्टीत कोंडलेले असुर आणि त्रिपुर बांधणारा मय, हे सगळे एकाच रांगेत उभे दिसतील. धातू सर्वांना हवा असतो, पण तो काढणाऱ्याला कथा बहुधा असुर म्हणते.

वाचनाबरोबर पायही वापरावे लागतील. अजब बंगल्यातील प्राचीन लोखंड पाहायला किमान एक दुपार द्या. जुनापाणीची वर्तुळे काटोल रस्त्याच्या बाजूला आजही आहेत. वाढत्या शहरात ती दबून जाण्याआधी पाहा, आणि तिथला एकही दगड हलवू नका. कचारगडला गेलात तर यात्रेकरूंच्या श्रद्धेचा मान राखा आणि सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय काही टिपू नका. गोंडी शिका. निदान ज्याला गोंडी येते त्याला सहलेखक करा, केवळ दुभाषी नव्हे. आपल्या गावात अजून लोहारसाळ असेल तर तिथे जाऊन बसा. भाता, ऐरण, सांडशी यांचे वेगवेगळे प्रकार, लोखंडाच्या तापल्या रंगांना असलेली नावे, पाणी देताना पाळायच्या गोष्टी, हे सारे त्या माणसाच्या बोलीत, त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. वऱ्हाडीत असेल तर वऱ्हाडीतच ठेवा.

या कामात मोठी साधने लागत नाहीत, पण वेळ थोडा आहे. नैकुंडची भट्टी मातीखाली अडीच हजार वर्षे टिकली. लोहारसाळेतली बोली मात्र एका पिढीत जाऊ शकते, कारण ती फक्त माणसांच्या तोंडी आहे. पुरातत्त्व, लोकसाहित्य, धातुविज्ञान, भाषा, इतिहास यांपैकी कुठल्याही शाखेचा विद्यार्थी इथे उपरा नाही. अभियांत्रिकीच्या मुलीने मळीचे पृथक्करण करून आणावे, मराठीच्या विद्यार्थ्याने कुळकथा आणावी, आणि ज्यांच्या घरात ऐरण आहे त्या मुलामुलींनी तर या क्षेत्रात सर्वांत पुढे बसावे. आजवर त्यांच्याविषयी इतरांनी लिहिले. यापुढचे लेखन त्यांच्याकडून यावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे, आणि पुढच्या पानांतला प्रत्येक निष्कर्ष त्यांनी तपासून, गरज पडेल तिथे मोडून, नव्याने घडवावा यासाठीच मी हे पुस्तक त्यांच्या हाती देत आहे.

सीताबर्डी, नागपूर